कौतुक पुरे, खर्डा वाचतोस का? (लिहिणाऱ्यांच्या मैत्रीबद्दल)

खोडाखोड

लेखकांच्या मैत्रीबद्दल काहीही वाचायला घ्या, तीच दोन चित्रं समोर येतात. एक म्हणजे टेबलाभोवती रंगलेली मैफल, धूर, हशा. दुसरं म्हणजे जाहीर भांडण आणि मग मरेपर्यंत अबोला. दोन्ही खरी आहेत, पण मला आता दोन्हींचा कंटाळा आलाय. पत्रव्यवहार आणि चरित्रं वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जायला लागलंय. या मंडळींनी एकमेकांची कामं किती केली! कामं म्हणजे अक्षरशः कामं. कुणी हस्तलिखित नकलून दिलं, कुणी बॅगेत घालून सीमेपार नेलं, कुणी अर्धं कापून टाकलं, कुणी पाठ करून ठेवलं.

पाठ करण्याचं उदाहरण आधी सांगतो. रशियन कवयित्री आना आख्मातोव्हाची ‘रेक्विएम’ ही कवितामालिका मुख्यतः १९३५ ते १९४० या काळातली. मुलगा तुरुंगात, घरावर पाळत, आणि असली कविता कागदावर सापडली तर जिवावर बेतणार. लिदिया चुकोव्स्काया ही तिची मैत्रीण, स्वतः लेखिका. ती घरी आली की आख्मातोव्हा मोठ्यानं काहीतरी चारचौघांतलं बोलायची आणि तेवढ्यात एका चिठोऱ्यावर ओळी लिहून पुढे सरकवायची. लिदियानं त्या वाचायच्या, मनात पक्क्या करायच्या, कागद परत द्यायचा. मग काडी ओढून तो राखदाणीत जाळायचा. पाठ करणारे विश्वासातले आणखीही काही जण होते. ही मालिका पुस्तक म्हणून आली ती १९६३ मध्ये, तीही म्यूनिकमध्ये. सोव्हिएत संघात छापली जायला १९८७ उजाडलं. तोवर ती काही माणसांच्या डोक्यात राहत होती.

बॅगेचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. काफ्का ३ जून १९२४ ला गेला. त्याच्या टेबलात मित्राच्या, माक्स ब्रोडच्या नावे चिठ्ठ्या सापडल्या: सगळं जाळून टाक, न वाचता. ब्रोडनं जाळलं नाही. १९२५ मध्ये ‘द ट्रायल’, १९२६ मध्ये ‘द कॅसल’, १९२७ मध्ये ‘अमेरिका’. तिन्ही अपुऱ्या कादंबऱ्या. प्रकरणांचा क्रमसुद्धा ब्रोडनंच लावला. पुढे मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरायच्या बेतात असताना तो देश सोडून निघाला, तेव्हा सामानात ती हस्तलिखितं होती. ब्रोड स्वतः भरपूर लिहायचा, आणि हयातीत काफ्कापेक्षा कितीतरी जास्त नाव कमावून होता. आज त्याचं नाव निघतं ते मित्रामुळे.

तर तुमच्या वाचनातली, अनुभवातली अशी उदाहरणं सांगा. फक्त ‘प्रोत्साहन दिलं’, ‘पाठीशी उभा राहिला’ एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय केलं ते लिहा.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. पण ब्रोडला तुम्ही मैत्रीच्या खात्यात फार पटकन टाकलंत. मित्रानं स्वच्छ शब्दांत सांगितलंय की जाळ, आणि हा छापतो. याला काम म्हणायचं की विश्वासघात? जगाचा फायदा झाला म्हणून ते मैत्रीचं कृत्य ठरतं का? मला काफ्का वाचायला मिळाला याचा आनंद आहे, आणि तरीही माझ्या वह्यांच्या बाबतीत कुणी असं करावं असं मला मुळीच वाटत नाही.

खोडाखोड

अनुस्वार, रास्त प्रश्न. ब्रोडचं म्हणणं असं की काफ्का जिवंत असतानाच त्यानं त्याला तोंडावर सांगून ठेवलं होतं, हे माझ्याकडून होणार नाही. तरीही काफ्कानं काम त्याच्यावरच सोपवलं. खरंच जाळायचं असतं तर दुसरा माणूस निवडता आला असता, किंवा स्वतः काडी लावता आली असती. काही लिखाण त्यानं स्वतः जाळलंही होतं. अर्थात हे सगळं ब्रोडच्या तोंडून ऐकतोय आपण, त्यामुळे त्याच्या बाजूनं थोडं झुकलेलं असणारच.

तुमच्या वह्यांबद्दल म्हणाल तर आत्ताच काडेपेटी विकत घेऊन ठेवा. :)

पिंपळपान

धागाकर्त्यांनी छान छान उदाहरणं निवडली आहेत, म्हणून थोडं पाणी घालतो. हलके घ्या.

लिहिणाऱ्यांच्या मैत्रीतून जगात जितकं चांगलं साहित्य आलं, त्याच्या शंभरपट वाईट साहित्य आलं असावं असा माझा संशय आहे. चार जणांचा कंपू जमतो. तू माझी प्रस्तावना लिही, मी तुझं परीक्षण लिहितो. उंटाच्या लग्नात गाढवं गाणी म्हणतात आणि दोघं एकमेकांची स्तुती करतात, ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. हे संस्कृतात कुणी लिहून ठेवलं ते काही उगाच नाही, तेव्हाही मंडळं असणार. लिहिणाऱ्याला एकांत हवा. जी. ए. कुलकर्णी बघा. धारवाडात राहिले, सभासंमेलनांना फिरकले नाहीत, फोटो काढून घ्यायला नाखूष. बिघडलं काही? उलट ते टिकले.

दुपारची सावली

पिंपळपान, बरोबर उदाहरण चुकीच्या बाजूनं दिलंत!

जी. ए. सभांना गेले नाहीत हे खरंच. पण त्यांची निवडक पत्रं चार खंड भरतील एवढी निघाली. माणसं टाळणारा माणूस एवढी पत्रं कशी लिहील? सुनीता देशपांडे यांना त्यांनी लिहिलेली पत्रं वाचा आणि मग सुनीताबाईंची बाजू म्हणून २००३ मध्ये आलेलं ‘प्रिय जी. ए.’ वाचा. दोघांच्या भेटी कमीच. मैत्री जवळजवळ सगळी कागदावर झाली. त्या पत्रांत एकमेकांची स्तुती आहे, पण वाद, रुसवे, वाचलेल्या पुस्तकांवरचे सडेतोड शेरे, आयुष्यातल्या बोचणाऱ्या गोष्टी हे सगळं त्याहून जास्त आहे. सुनीताबाई कुणाचीही हांजी हांजी करणाऱ्या नव्हत्या, हे तर त्यांच्या कुठल्याही वाचकाला ठाऊक आहे.

त्यामुळे मला वाटतं एकांत आणि एकटेपणा यांची गल्लत होतेय. जी. एं.नी गर्दी टाळली. वाचक टाळला नाही. त्यांनी आपल्याला झेपेल एवढ्याच अंतरावर माणसं ठेवली, आणि ते अंतर पोस्टानं मोजलं.

पिंपळपान

‘पोस्टानं मोजलं’ आवडलं. उदाहरणापुरती माघार. कंपूबद्दलचं मत कायम.

मोडी

कंपूच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, पण आधी धागाकर्त्यांनी जे मागितलंय ते देतो.

एझ्रा पाउंड आणि टी. एस. एलियट, दोघेही कवी. एलियट बँकेत नोकरी करत होता, प्रकृती आणि मन दोन्ही ढासळलेली, ‘द वेस्ट लँड’चा लांबलचक खर्डा हातात. तो त्यानं पाउंडला दिला. पाउंडनं पेन्सिल घेतली आणि पानंच्या पानं उडवली. समुद्रप्रवासाचं लांब वर्णन, जुन्या छंदातला एक नकलेसारखा भाग, हे सगळं जाता जाता कविता जवळजवळ निम्म्यावर आली. १९२२ मध्ये छापली गेली ती ४३४ ओळींची. मूळ खर्डा बरीच वर्षं कुठे गेला ते कळत नव्हतं. तो सापडल्यावर १९७१ मध्ये एलियटच्या पत्नीनं, व्हॅलरीनं, पानांच्या प्रतिमांसह प्रसिद्ध केला. तो जरूर चाळा. समासात पाउंडचे शेरे दिसतात, आणि ते अजिबात गोड नाहीत.

पण त्याहून भारी पाउंडची दुसरी खटपट. एलियटला बँकेतून सोडवायला हवं म्हणून त्यानं मित्रांकडून दरवर्षी ठराविक वर्गणी गोळा करायची योजना काढली. एलियटला ते भयंकर लाजिरवाणं वाटलं आणि योजना फसली. म्हणजे कविता कापलेली चालली, पण वर्गणी काढलेली चालली नाही. माणूस कशानं दुखावेल ते सांगता येत नाही.

आता कंपूबद्दल. पाउंड कंपूबाजच होता. याचं छाप, त्याची ओळख करून दे, तिला मासिकात जागा दे, हे त्याचं रोजचं चालायचं. जॉइसलाही त्यानं असंच उचलून धरलं. फरक एवढाच की तो मित्रांना कापायचाही. मला वाटतं कंपू वाईट नसतो. ज्या कंपूत पेन्सिल नसते तो वाईट.

अनुस्वार

मोडी, प्रतिसाद उत्तम, पण त्या खर्ड्यावर तिसरं हस्ताक्षरही आहे. ते विवियनचं, एलियटच्या पहिल्या बायकोचं. तिनं एका भागावर उत्साहानं शाबासकी लिहिली आणि एक आख्खी ओळ सुचवली. ती ओळ कवितेत आहे. कौतुक मात्र दरवेळी ‘दोन मित्रांचं’ होतं.

हे इथेच थांबत नाही. वर्ड्सवर्थची पिवळ्या फुलांची कविता शाळेत कुठे ना कुठे भेटतेच. ती फुलं ज्या चालण्यात दिसली, त्याची नोंद बहीण डोरोथीनं १५ एप्रिल १८०२ ला रोजनिशीत केली होती. कविता त्यानंतरची. त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या दोन ओळी, मनाच्या डोळ्यांसमोर फुलं पुन्हा चमकतात त्या, बायकोच्या म्हणजे मेरीच्या, असं खुद्द वर्ड्सवर्थनंच सांगितलंय. टॉल्स्टॉयच्या महाकाय कादंबरीची पानं पुन्हा पुन्हा नकलून काढणारी सोफिया तर सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा ‘काम म्हणजे मैत्री’ ही व्याख्या मला मान्य आहे, पण मग यादी प्रामाणिकपणे करा. मित्रानं केलं की मैत्री, बायकोनं किंवा बहिणीनं केलं की घरकाम, असं नको.

खोडाखोड

अनुस्वार, मान्य. मूळ लेखात हे यायला हवं होतं. आख्मातोव्हाच्या वर्तुळातली नादेझ्दा मान्देलश्तामही याच यादीत बसते. नवरा ओसिप १९३८ मध्ये छावणीत मेला. त्याच्या कविता तिनं वर्षानुवर्षं स्मरणात आणि लपवलेल्या कागदांत सांभाळल्या.

मोडी

अनुस्वार +१.

आणि पाउंडची दुसरी बाजू मीच सांगतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच. पुढे हा माणूस मुसोलिनीचा भक्त झाला, युद्धकाळात रोमच्या रेडिओवरून यहुदीद्वेषानं भरलेली भाषणं केली, १९४५ मध्ये पकडला गेला आणि १९५८ पर्यंत वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात राहिला. एलियट, हेमिंग्वे, रॉबर्ट फ्रॉस्ट अशा लोकांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. कवितेत मदत केली होती म्हणून हे ऋण फेडायचं का? मला हे सुटलेलं नाही. मित्राचे विचार सडले तर मैत्रीचं काय करायचं, याचं उत्तर त्या मंडळींना तरी सापडलं होतं का, शंकाच आहे.

नवखा

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मोठ्या लोकांबद्दल लिहिताय. माझा प्रश्न साधा आहे. माझी एक कादंबरी अर्ध्यावर अडकली आहे. दाखवायला कुणी नाही. घरच्यांना दाखवली, ‘छान आहे’ म्हणाले. ऑफिसातल्या मित्राला दाखवली, तो म्हणाला सिनेमा निघेल यावर. दोघांनीही वाचली नाही असा मला दाट संशय आहे. पाउंड मिळवायचा कुठून?

पिंपळपान

नवखा, स्वागत. पाउंड मिळू नये हीच शुभेच्छा, वरचा प्रतिसाद वाचा. :)

गंमत सोडा. ‘छान आहे’ म्हणणारे घरचे चुकत नाहीयेत. त्यांना तुम्ही आवडता आणि ते तसं सांगतायत. त्यांच्याकडून कादंबरीचं मूल्यमापन मागणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

शेवटचं पान

मी अनुवाद करते, त्यामुळे दुसऱ्यांचे खर्डे वाचणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. नवखा यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लिहिणारा मित्र शोधायचा असेल तर आधी तुम्ही कुणाचं तरी वाचा. सगळे जण आपलं वाचणाऱ्याच्या शोधात असतात, त्यामुळे नीट वाचणारा माणूस लगेच डोळ्यांत भरतो. नीट वाचणं म्हणजे चुका काढणं नव्हे. मी खर्डा वाचताना पेन्सिलीनं फक्त खुणा करते. जिथे लक्ष उडालं तिथे एक, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं तिथे दुसरी, जिथे वाचायचं थांबवता आलं नाही तिथे तिसरी. कारण लगेच सांगत नाही. लेखकाला बहुतेक वेळा कारण माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. त्याला फक्त जागा दाखवायची असते. आणि वाक्य बदलून देऊ नये. तुम्ही बदललेलं वाक्य तुमचं असतं. ते त्याच्या पानावर परकं दिसतं, आणि तो भिडेखातर ते तसंच ठेवतो, हे तर आणखी वाईट.

खर्डा देणाऱ्यानंही एक पथ्य पाळावं. देताना पाल्हाळिक माफीपत्र जोडू नये. ‘हे अजून कच्चं आहे, घाईत लिहिलंय, तिसरं प्रकरण बदलणार आहे’ असलं वाचून वाचणारा आधीच सौम्य होतो. एकच प्रश्न लिहून द्यावा. उदाहरणार्थ, ‘आई खोटं बोलतेय हे कुठल्या पानावर कळलं?’ याला ‘छान आहे’ असं उत्तर देताच येत नाही. वाचलं नसेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

दुपारची सावली

शेवटचं पान, ‘जागा दाखवायची, कारण नाही’ हे अगदी अगदी!

फक्त भर घालते. कधी कधी वाचणाऱ्यानं ऐकलं तरी पुरतं. टोल्किननं पुढे एका पत्रात कबूल केलंय की फार काळ सी. एस. लुईस हाच आपला एकमेव श्रोता होता, आणि हे लिखाण खासगी छंदापलीकडचं असू शकतं ही कल्पना त्याच्यामुळेच आली. १९३७ च्या अखेरीस सुरू झालेली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापून झाली १९५४-५५ मध्ये. इतकी वर्षं प्रकरणं ऐकत राहणं हे सोपं काम नाही. आणि गंमत म्हणजे लुईसची नार्निया टोल्किनला मुळीच आवडली नाही. परतफेड झालीच नाही! मैत्री पुढे विरळही झाली. तरीही लुईसनं टोल्किनचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं.

हे वाचन जिथे चालायचं त्या कंपूत ह्युगो डायसन नावाचे गृहस्थ होते. टोल्किन वाचायला लागला की ते उघड उघड वैतागायचे. पुन्हा ते पऱ्यांचं पुराण, अशा थाटात. मला हे गृहस्थ का कोण जाणे फार आवडतात.

पिंपळपान

मीही डायसनच. प्रत्येक मंडळात एक हवाच.

मोडी

वर्ड्सवर्थचा विषय निघालाच आहे तर कोलरिज राहिला. १७९८ चा दोघांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा कवितासंग्रह बिननावाचा छापला होता. १८०० च्या आवृत्तीवर नाव फक्त वर्ड्सवर्थचं. शिवाय त्यात वर्ड्सवर्थनं कोलरिजच्या खलाशाच्या दीर्घकवितेतले दोष दाखवणारी टीप जोडली, आणि त्याची दुसरी दीर्घकविता घेतलीच नाही. १८१० मध्ये उघड बिनसलं. आत्मचरित्रपर महाकाव्य मात्र वर्ड्सवर्थ आयुष्यभर कोलरिजला उद्देशूनच लिहीत राहिला. भांडूनही पत्ता बदलला नाही.

अवांतर: मार्केझला योसानं १९७६ मध्ये मेक्सिको सिटीत ठोसा मारला, त्याचा डोळा काळानिळा झाला. १९७१ मध्ये याच योसानं मार्केझच्या लेखनावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. कारण दोघांनीही धड सांगितलं नाही. त्यामुळे यावर चर्चा नको, उगाच शंभर प्रतिसाद होतील.

शेवटचं पान

धागा भांडणांकडे वळायच्या आत एका ‘नाही’बद्दल लिहिते.

एलिझाबेथ बिशप आणि रॉबर्ट लोवेल हे अमेरिकन कवी १९४७ मध्ये भेटले आणि १९७७ मध्ये लोवेल मरेपर्यंत एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. दोघांचे स्वभाव उलटे. लोवेल ढिगानं लिहायचा, पुन्हा पुन्हा बदलायचा. बिशप एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षं थांबायची. एका कवितेला तर तिला वीसेक वर्षं लागली. तिनं आर्माडिलोवरची कविता त्याला अर्पण केली, त्यानं स्कंकवरची तिला. इथवर गोडच.

मग १९७२ मध्ये लोवेलनं नव्या संग्रहाचा खर्डा पाठवला. त्यात त्यानं सोडलेल्या बायकोची, एलिझाबेथ हार्डविकची, खासगी पत्रं कवितेत ओतली होती. तीही मोडतोड करून, तिला न विचारता. बिशपनं आधी कवितांची भरभरून स्तुती केली आणि मग स्पष्ट लिहिलं की हे करू नकोस, कला एवढ्या किमतीची नसते. त्यानं काही फेरफार केले, पण पुस्तक काढलंच. १९७३ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. तरी बिशपनं मैत्री तोडली नाही. तो गेल्यावर तिनं त्याच्यावर शोककविता लिहिली. आता तुला तुझ्या कविता बदलता येणार नाहीत, हे त्यातलं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे. त्याच्या खोडीवरच बोट ठेवलंय, आणि तेही प्रेमानं.

खर्डा वाचणाऱ्या मित्रानं ओळी कशा झाल्यात एवढंच बघायचं, की या ओळींनी कुणाचं काय होईल हेही? माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड, आणि ते फक्त मित्रच करू शकतो. संपादक करणार नाही, त्याला पुस्तक हवं असतं.

खोडाखोड

शेवटचं पान, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा वजनदार झालाय. मला हे पत्र माहीत होतं, पण स्तुती आधी आणि नकार नंतर हा क्रम कधी लक्षात घेतला नव्हता. आधी कविता चांगल्या आहेत हे मान्य केलं, म्हणून नकाराला धार आली. वाईट कवितेला ‘छापू नकोस’ म्हणणं सोपं आहे.

तुम्ही अनुवादक आहात तर मराठीतल्या एका जोडीबद्दल लिहाल का? चित्रे आणि ढसाळ.

शेवटचं पान

थोडक्यात लिहिते, हातात काम आहे.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना. प्रस्तावना लिहायची म्हणून तेंडुलकर घरी बसून राहिले नाहीत. ढसाळांबरोबर मुंबईतल्या गोलपिठ्याच्या वेश्यावस्तीत फिरले, आपल्याला न कळलेले शब्द त्यांनाच विचारले. पिंपळपान, प्रस्तावना अशीही लिहिता येते. मग दिलीप चित्रे. त्यांनी ढसाळांच्या कविता इंग्रजीत नेल्या, त्याचं पुस्तक २००७ मध्ये आलं. ती भाषा अनुवादात न्यायची तर शब्दकोश पुरत नाही, कवी शेजारी असावा लागतो. दोघांची मैत्री कित्येक वर्षांची, आणि अनुवादाचं काम त्या मैत्रीच्या आत चालू होतं. चित्रे २००९ मध्ये गेले, ढसाळ २०१४ मध्ये.

अरुण कोलटकरांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. प्रकाशनाची घाई नसलेला कवी. ‘जेजुरी’ १९७६ मध्ये इंग्रजीत आली ती ‘क्लिअरिंग हाउस’कडून. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल या कवींनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून ते चालवलं. मराठी पुस्तकांमागे अशोक शहाणे आणि त्यांचं ‘प्रास’. २००४ मध्ये कोलटकर गेल्यावर विखुरलेल्या कविता गोळा करून मेहरोत्रांनी २००९ मध्ये पुस्तक केलं. मित्र नसते तर कोलटकरांचं बरंच लिखाण कपाटातच राहिलं असतं.

पिंपळपान

तेंडुलकरांची प्रस्तावना मान्य. अपवाद म्हणून.

दुपारची सावली

कुणी वेळ दिल्याचं उदाहरण आलं नाही अजून. हार्पर ली न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीत आरक्षणाचं काम करायची, उरलेल्या वेळात लिहायची. १९५६ च्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्रजोडप्यानं तिला पाकीट दिलं. वर्षभराचा पगार. नोकरी सोड आणि वाटेल ते लिही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० मध्ये आली, पुढच्या वर्षी पुलित्झर. मायकेल ब्राउन गाणी लिहायचे. म्हणजे लिहिणाऱ्याला काय लागतं ते त्यांना कळत होतं.

आणि उलट बाजू. लहानपणीचा शेजारी मित्र ट्रूमन कपोटी. त्याच्या कॅन्ससच्या खुनांवरच्या पुस्तकासाठी ती १९५९ मध्ये त्याच्यासोबत गेली, माणसांना बोलतं केलं, ढीगभर नोंदी करून दिल्या. पुस्तक आलं तेव्हा अर्पणपत्रिकेत दुसऱ्या नावासोबत तिचं नाव, बस्स. तिला ते लागलं असं तिचे चरित्रकार सांगतात.

अनुस्वार

याच्याच जवळचं एक. टोनी केड बंबारा १९९५ मध्ये गेली तेव्हा तिची प्रचंड कादंबरी संपादनाविना पडून होती. टोनी मॉरिसननं, तेव्हा नोबेल मिळालेली टोनी मॉरिसन बरं का, आपलं लिखाण बाजूला ठेवून ती पानं लावली, छाटली आणि १९९९ मध्ये पुस्तक आणलं. नोबेलनंतर दुसऱ्याच्या स्वल्पविरामांवर बसायला मन मोठं लागतं.

आणि ॲलिस वॉकर. झोरा नील हर्स्टन १९६० मध्ये गेली, पुस्तकं विस्मरणात, कबरीवर दगडही नाही. १९७३ मध्ये वॉकर फ्लोरिडातल्या गवत माजलेल्या दफनभूमीत गेली, तिची भाची असल्याची थाप मारून चौकशा केल्या, अंदाजानं जागा ठरवली आणि दगड बसवला. दोघींची कधी भेट नाही. मी हिला मैत्री म्हणते.

पिंपळपान

मी म्हणत नाही. ती भक्ती, किंवा ऋण. मैत्रीत समोरच्याला तुम्हाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. हर्स्टनला वॉकर आवडली असती का, कुणास ठाऊक. वरचं बिशपचं उदाहरण बघा, तिथे ‘नाही’ आहे.

अनुस्वार

मग काफ्का मेल्यानंतर ब्रोडनं केलं तेही मैत्रीत बसत नाही, तुमच्या हिशेबानं. काफ्कानं तर ‘नाही’ म्हटलंही होतं.

पिंपळपान

बसत नाहीच. इथे आपलं एकमत झालं, तारीख लिहून ठेवा.

नवखा

शेवटचं पान यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. आधी अनुस्वार यांची कथा मागवून वाचली, खुणा करून परत पाठवली. एका खुणेवर त्या भांडल्या, दोन मान्य केल्या. मग मी माझी पहिली तीन प्रकरणं व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवली. माफीपत्र लिहिलं होतं, पाठवायच्या आधी काढून टाकलं. प्रश्न एकच दिलाय.

अनुस्वार

मिळाली. आज सकाळी सुरू केली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं नाही असं ठरवलंय, कारण त्याआधीच बाराव्या पानावर माझं वाचन थांबलं, आणि ते धाकट्या भावाच्या पत्रापाशी. व्यनि करते. तोपर्यंत ते पान बदलू नका, मला संध्याकाळी पुन्हा तसंच वाचायचंय. आणि हो, तिसऱ्या खुणेवर मी अजूनही भांडणार आहे.